नाव ठेवण्याआधी

आमच्या इगतपुरीत काय आहे असं कुणी विचारलं, की आम्ही ठरलेली तीन उत्तरं देतो. पाऊस, रेल्वे आणि विपश्यनेचं धम्मगिरी. पण २०१८ च्या मार्च महिन्यात आमच्या गावावरून जे गेलं, ते या तिन्हीत बसणारं नव्हतं.

महिला दिनाचा आठवडा होता. आमच्या बचत गटाचा कार्यक्रम ठरलेला. सत्कार, उखाणे, संगीतखुर्ची आणि शेवटी मिसळ. त्याच आठवड्यात, ६ मार्चला, नाशिकहून शेतकऱ्यांचा पायी मोर्चा निघाला. किसान सभेचा, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या शेतकरी संघटनेचा. सुरगाणा, कळवण, पेठ, दिंडोरी या भागांतली हजारो आदिवासी माणसं मुंबईला चालत निघालेली. जवळजवळ १८० किलोमीटर! वाटेत आमची घाटनदेवी आणि पुढे कसारा घाट. आमच्यातली एकजण म्हणाली, "अगं, बायकाच चालल्यात आणि आपण कसला महिला दिन करतोय?" झालं! मिसळ रद्द झाली. आम्ही पाच-सहा जणी पिठलं-भाकरीचे डबे आणि पाण्याचे कॅन घेऊन महामार्गावर जाऊन उभ्या राहिलो.

डोळे भरून येतील असं दृश्य होतं. नजर पोहोचेल तिथपर्यंत लाल टोप्या आणि लाल झेंडे. डोक्यावर बोचकं, कडेला पिशवी. कुणाच्या तुटक्या चपलेला सुतळी गुंडाळलेली, तर कुणाच्या पायात चप्पलच नाही. आणि त्या गर्दीत एक ओळखीचा चेहरा दिसला. आमच्याच गटातल्या मावशी!

मावशी आमच्या तालुक्यातल्या एका पाड्यावर राहतात. पावसाळ्यात रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं घेऊन गावात येतात. चार वर्षांत गटाचा एक हप्ता चुकलेला नाही. सही करायला गटातच शिकल्या.

"मावशी, तुम्ही इथे? गुडघा दुखतोय म्हणत होतात ना?"

"गुडघ्याचं काय ताई, जिमीन नावावर झाली तर गुडघ्यालाबी बरं वाटंल," असं म्हणून त्या हसल्या, भाकरी घेतली आणि चालू लागल्या.

मावशींची जमीन म्हणजे जंगलाच्या कडेची दोन एकर. सासऱ्यांच्या आधीपासून त्यांचं घर ती कसतं. नागली, वरई आणि खालच्या अंगाला थोडा भात. पण सातबारा वनखात्याचा. २००६ साली वनहक्क कायदा झाला, २००८ पासून तो लागू झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याला प्रत्यक्ष कसण्याखाली असेल तेवढ्या, पण चार हेक्टरपर्यंतच्या जमिनीचा हक्क मिळावा, असं तो कायदा सांगतो. आणि मैत्रिणींनो, त्यातलं एक कलम आपण सगळ्यांनी माहीत करून घेण्यासारखं आहे. नवरा-बायको असतील तर हक्कपत्र दोघांच्या नावावर द्यायचं. आपल्यापैकी किती जणींचं नाव आपल्या फ्लॅटच्या कागदावर आहे, जरा आठवून बघा!

मोर्चा १२ मार्चला पहाटे आझाद मैदानात पोहोचला. त्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांची अडचण नको म्हणून दमलेली माणसं सोमय्या मैदानावरून रात्रीच पुढे चालत निघाली. मुंबईकरांनीही मन मोठं केलं. खाऊ-पिऊ घातलं, चपला दिल्या, पायांच्या फोडांवर औषध लावलं. सरकारने चर्चा केली, लेखी आश्वासन दिलं. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू, हे त्यातच होतं.

पण त्याच सुमारास टीव्हीवर दुसरीच चर्चा सुरू झाली होती. भाजपच्या तेव्हाच्या खासदार पूनम महाजन यांनी या मोर्चाच्या निमित्ताने शहरी माओवादाचा मुद्दा काढला. मग काय, मोबाइलवर मेसेजचा पाऊस. लाल झेंडा म्हणजे कम्युनिस्ट, कम्युनिस्ट म्हणजे नक्षलवादी. दोन ओळींत हिशोब पूर्ण!

महिनाभराने गटाची बैठक झाली. खजिनदार बदलायची होती आणि मावशींचं नाव मीच सुचवलं होतं. हिशोब तोंडपाठ, पैशाला चोख. तेवढ्यात एकीने मोबाइल पुढे केला. "हा यांचा फोटो बघा, लाल टोपीतला. हे सगळे नक्षलवाद्यांचे लोक असतात म्हणे. उद्या बँकेने कर्ज अडवलं तर? पोलीस चौकशीला आले तर गटाचं काय?"

खोलीत शांतता पसरली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मी... मी काहीच बोलले नाही. खजिनदार दुसरीच झाली. मावशींनी त्या दिवशीही हप्ता भरला, सही केली आणि पायरीवर थांबून राहिल्या. मी बाहेर आल्यावर हळूच विचारलं, "ताई, त्या म्हनल्या ते नक्षलवादी म्हंजी काय वं? शिवी हाय का?"

मला उत्तर देता आलं नाही. बी.ए.ला राज्यशास्त्र होतं माझं! "उद्या सांगते" म्हणून मी वेळ मारून नेली.

मी गप्प का बसले, तेही सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ राज्य राखीव पोलीस दलात. २००९ साली त्याची तुकडी गडचिरोलीला होती. ते वर्ष आठवलं की आजही अंगावर काटा येतो. फेब्रुवारीत मरकेगावला १५ पोलीस गेले, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६, ऑक्टोबरमध्ये लाहेरीला १७. हत्तीगोट्याच्या त्या सोळांत पाच महिला पोलीस होत्या. प्रत्येक वेळी टीव्हीवर खालची पट्टी सरकायची आणि आई देवापुढे बसून राहायची. त्याचा फोन येईपर्यंत घरात चूल पेटायची नाही. त्यामुळे 'नक्षलवादी' हा शब्द माझ्यासाठी पुस्तकातला नाही. म्हणून त्या दिवशी जीभ उचलली नाही. पण मावशींचा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी वाचनालयात जाऊन बसले आणि जे जे मिळालं ते वाचत गेले.

एक गोष्ट आधीच कबूल करते. या दोघांचा संबंध जोडणारे अगदीच हवेतलं बोलतात असं नाही. दोघांचं मूळ घर एकच आहे. १९४६ ते १९५१ या काळात, आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या तेलंगणात, तेव्हाच्या अखंड कम्युनिस्ट पक्षाने निजाम आणि जमीनदारांविरुद्ध हत्यारं हाती घेतली होती. १९४८ साली पक्षाचे सरचिटणीस झालेले बी. टी. रणदिवे आपले मराठीच, त्यांचाही भर उठावावर होता. पण ती वाट पुढे जाईना. १९५१ मध्ये पक्षाने लढा मागे घेतला आणि देशाच्या पहिल्याच निवडणुकीत उमेदवार उभे केले. १९६४ मध्ये पक्ष फुटून मार्क्सवादी पक्ष वेगळा झाला.

मग आलं १९६७ साल. पश्चिम बंगालमध्ये मार्क्सवादी पक्ष आघाडी सरकारात होता. आणि त्याच पक्षातल्या चारू मुजुमदार, कनू संन्याल यांनी दार्जिलिंग जिल्ह्यातल्या नक्षलबारी भागात जमिनीसाठी उठाव उभा केला. २५ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मेले. बहुतेक बायका होत्या, मुलंही होती. हे वाचून पुस्तक मिटलं मी थोडा वेळ. झगडा कुणाचाही असो, मरणाऱ्यांच्या यादीत बायका-मुलं असतातच!

पक्षाने उठाववाल्यांना काढून टाकलं. त्यांनी १९६९ मध्ये आपली वेगळी चूल मांडली. निवडणूक नको, बंदूकच हवी, ही त्यांची वाट. त्यांच्याही पुढे चिरफळ्या झाल्या. २००४ मध्ये दोन मोठे गट एकत्र येऊन माओवादी पक्ष तयार झाला आणि २००९ मध्ये केंद्र सरकारने त्याच्यावर बंदी घातली. भारतीय कम्युनिस्ट, मार्क्सवादी, मार्क्सवादी-लेनिनवादी, माओवादी... नावं वाचताना मला माहेरच्या वाड्यातली तीन बिऱ्हाडं आठवली. आडनाव एकच, पण एकमेकांकडे पाणी प्यायची नाहीत.

अर्थात इथे नुसता अबोला नव्हता. २ नोव्हेंबर २००८ रोजी पश्चिम बंगालमध्ये सालबनीजवळ मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांच्या ताफ्यावर माओवाद्यांनी सुरुंगाचा स्फोट केला. मुख्यमंत्री मार्क्सवादी पक्षाचे! ते वाचले. पण पुढच्या वर्षी लालगडच्या भागात या पक्षाची कार्यालयं जाळली गेली, गावोगावचे कार्यकर्ते मारले गेले. दोघं एकच असते तर हे कसं झालं असतं?

आणि उलट बाजूही बघा. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये केरळात दोन तरुण विद्यार्थ्यांना माओवादी म्हणून कडक कायद्याखाली अटक झाली. ती मुलं मार्क्सवादी पक्षाचीच सदस्य आणि राज्यात सरकारही त्याच पक्षाचं! मुख्यमंत्र्यांनी पोलिसांची बाजू घेतली. खुद्द पक्षातले काहीजण नाराज झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एकाला जामीन दिला आणि दुसऱ्याचा कायम ठेवला. म्हणजे इकडे ज्यांना हे नाव चिकटवलं जातं, त्यांच्याच राज्यात ते दुसऱ्याला चिकटलं. हातात शिक्का आला की मारायचा मोह कुणालाच आवरत नाही, असं दिसतं.

आपल्या महाराष्ट्राचं बघायचं तर मला दोन बायका आठवतात. एक गोदावरी परुळेकर. कायद्याची पदवी घेतलेली सुखवस्तू घरातली मुलगी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या पाड्यांवर जाऊन राहिली. तिथे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको जन्मभर सावकाराच्या घरी राबायचे, त्यांना 'लग्नगडी' म्हणायचे. ही गुलामगिरी आणि वेठबिगार वारल्यांनी मोडून काढली ती लाल बावट्याखाली, एकजुटीच्या जोरावर. दुसऱ्या अहिल्या रांगणेकर, बी. टी. रणदिव्यांची बहीण. १९७२ च्या सुमारास मृणाल गोऱ्यांच्या बरोबरीने त्यांनी मुंबईत महागाईविरुद्ध बायकांना रस्त्यावर आणलं, ते लाटणं हातात देऊन! माझी आई तेव्हा परळला राहायची. कॉलेज बुडवून ती त्या मोर्चात गेली होती. ते लाटणं आजही माझ्या स्वयंपाकघरात आहे. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई मार्क्सवादी, आणि माझी आई कुठल्याच पक्षाची नाही. तिला फक्त रॉकेल आणि तेल परवडायला हवं होतं.

आणि अगदी जवळचं उदाहरण आमच्या जिल्ह्यातलंच. सुरगाणा-कळवण भागातून जे. पी. गावित सात वेळा आमदार झाले. सात वेळा म्हणजे तिथली आदिवासी माणसं किती वेळा मतदानाच्या रांगेत उभी राहिली असतील! माओवादी काय म्हणतात? मतदानावर बहिष्कार टाका. बोटाला शाई दिसली तर खबरदार! एक माणसाला रांगेत उभं करतो, दुसरा रांग मोडतो. सामान्य बाईला कळेल असा याहून सोपा फरक मला सापडला नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला भाऊ आला होता. योगायोग असा की मावशी त्याच दिवशी नवा तांदूळ घेऊन आल्या. मी दोघांची ओळख करून दिली आणि मोर्चाचं बोलून गेले. भावाचा चेहरा बदलला. पोलिसी सवयीने त्याने विचारलंच, "मावशी, तुमच्या पाड्यावर रात्री मीटिंगा होतात का? बाहेरचं कुणी येतं?"

"येत्यात की. किसान सभेची पोरं येत्यात. अर्ज भरून देत्यात, पावती फाडत्यात."

"बंदूक वगैरे?"

मावशी त्याच्याकडे बघतच राहिल्या. "बंदूक कशाला वं दादा? अर्जाला झेरॉक्स लागती. तीच मिळंना आमाला!"

भाऊ हसला. फार दिवसांनी असा मोकळा हसला. मग बराच वेळ बोलत बसला. "तिकडे आम्ही गावात शिरलो की बायका दारं लावून घ्यायच्या. आम्हालाही भ्यायच्या आणि त्यांनाही. आमच्याशी बोललं तर ते खबऱ्या म्हणून मारणार, त्यांना भाकरी दिली तर आम्ही पकडणार. आपल्याच माणसांना खबऱ्या ठरवून मारलंय त्यांनी, ताई. त्यावर मोर्चेवाली मंडळी जोरात का बोलत नाहीत, हा माझा राग आहे आणि तो राहणार." मला त्याचा राग खोटा वाटला नाही, अजूनही वाटत नाही. पण निघताना तोच मावशींना वाकून म्हणाला, "मावशी, तुम्ही चालत राहा. मी ज्या गावांत फिरलो तिथे कुणाची चालायची हिंमत नव्हती. माणसं उघड्यावर चालतात तिथे आम्हाला जंगलात शिरावं लागत नाही."

मग सहा महिन्यांत काम झालं का? नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा मोर्चा निघाला, तो नाशिकजवळूनच नव्या आश्वासनावर परतला. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून परत एक निघाला, घाट उतरून वाशिंदपर्यंत गेला. तेव्हा मावशींचा गुडघा पारच गेला होता, म्हणून सून चालली. आम्ही पुन्हा पिठलं-भाकरी घेऊन उभ्या होतो. या वेळी डब्यांची संख्या मात्र कमी होती. "कशाला नसती भानगड," असं दोघी-तिघींनी आधीच सांगून टाकलं होतं.

जुलै २०२५ मध्ये विधानसभेत जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं. कडव्या डाव्या संघटनांना आवर घालण्यासाठी हा कायदा आहे, डाव्या पक्षांविरुद्ध नाही, असं सरकारने सांगितलं. सभागृहात उघड विरोध केला तो मार्क्सवादी पक्षाच्या एकमेव आमदाराने, डहाणूच्या विनोद निकोले यांनी. त्यांची भीती अशी, की 'कडवं' कोण हे ठरवणार कोण? पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. त्या दिवशी भावाचा फोन आला. "बरं झालं गं ताई," एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. मलाही बरं वाटलं. कुणाच्या तरी आईच्या घरी आता वेळेवर चूल पेटेल.

विधेयकाच्या वेळी गटाच्या व्हॉट्सअॅपवर पुन्हा तोच मेसेज फिरला. 'आता लाल झेंडेवाल्यांचा बंदोबस्त होणार.' खाली टाळ्यांची चित्रं. या वेळी मी गप्प बसले नाही. लांबलचक उत्तर लिहिलं. पक्ष तुम्हाला आवडो न आवडो, त्याला मत द्या न द्या, ते तुमचं तुम्ही बघा, मी काही त्यांची प्रचारक नाही. पण परवानगी काढून, झेंडा उघड धरून, रस्त्याने चालणारी बाई आणि झाडामागून गोळी घालणारा माणूस यांना एका नावाने हाक मारू नका. बंदूकवाल्याला त्या नावाने काही फरक पडत नाही. मावशींना पडतो. त्यांचं खजिनदारपद जातं, सुनेला काम मिळत नाही, नातवाकडे शाळेत मुलं वळून बघतात.

उत्तर वाचून एकजण गट सोडून गेली. वीस वर्षांची मैत्रीण होती, वाईट वाटलं. बाकीच्यांनी दोन दिवस काहीच लिहिलं नाही. पुढच्या बैठकीत मात्र मी मावशींचं नाव पुन्हा सुचवलं आणि सात वर्षांपूर्वी मोबाइल पुढे करणाऱ्या त्याच बाईने हात वर केला. म्हणाली, "हिशोब तर त्यांचाच चोख असतो बाई!" आता गटाची पेटी मावशींकडे आहे.

जमिनीचंही थोडं सांगते. मधल्या काळात त्यांचा दावा मंजूर झाला. दोन एकर मागितली होती, कागदावर आली तीस गुंठे. बाकीसाठी अपील केलंय, म्हणजे पुन्हा अर्ज आणि पुन्हा झेरॉक्स. कागद हातात पडला त्या दिवशी त्या तडक माझ्याकडे आल्या होत्या. मी वाचून दाखवायला चष्मा शोधत होते, तर म्हणाल्या, "थांबा, मला गावतंय का बघू." बोट फिरवत फिरवत दुसऱ्या ओळीवर आल्या. नवऱ्याच्या नावाशेजारी थांबल्या आणि एकेक अक्षर लावून त्यांनी स्वतःचं नाव वाचलं.